अकरावीचा मे, दाजीपूरचं जंगल आणि पुढचा अर्ज

मुलाला सुट्टीत जंगलात किंवा हिमालयात शिबिराला पाठवायचं आणि ते कॉलेजच्या अर्जात दाखवायचं, असा बेत कोल्हापुरात आता अनेक घरांत शिजतो. बेत वाईट नाही. पैसे भरण्याआधी एवढं बघावं.

काय करावे

• शिबिर अकरावीच्या सुट्टीतच उरकावे. बारावीचा मे नीट, सीईटी आणि जेईईने आधीच खाल्लेला असतो.

• अर्ज कुठे जाणार, हे आधी ठरवावे. इंजिनिअरिंग प्रवेशाची कॅप फेरी सीईटी किंवा जेईईच्या पर्सेंटाइलवर चालते, मेडिकलची नीटवर. तिथे शिबिराच्या प्रमाणपत्राला शून्य किंमत. अमेरिकी कॉलेजांच्या कॉमन अ‍ॅपवर मात्र दहा उपक्रमांची यादी आणि ६५० शब्दांपर्यंतचा निबंध असतो. अशोकासारखी आपल्याकडची काही खासगी विद्यापीठंही मार्कांपलीकडे बघतात. कॅपवाल्या मुलाने जाऊच नये असं नाही. हौसेने जावे, आणि हौसच म्हणावे.

• आधी दाजीपूर करावे. कोल्हापूर संस्थानाच्या शिकारीचं हे राखीव रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. शहरापासून जेमतेम ८० किलोमीटर. मे महिन्यात पाणी आटतं आणि जनावर उरलेल्या पाणवठ्यांकडे येतं. बघायला शिकण्यासाठी याहून चांगला वर्ग नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग राज्यातल्या अभयारण्यांत मचाणावर बसून प्राणी मोजायला नागरिकांना बोलावतो. जागा मोजक्या असतात, त्यामुळे यंदा कुठे आहे आणि वयाची अट काय, हे वन्यजीव कार्यालयात लवकर विचारावे. एका मुलाने वर्षभर दर महिन्याला त्याच वाटेने जाऊन पक्ष्यांची वही ठेवली, तर ती वही माझ्या मते मनालीच्या दहा दिवसांपेक्षा वजनदार. महागड्या शिबिरांच्या माहितीपत्रकात हे कुणी छापणार नाही.

• आयोजकाची नोंदणी मागावी. साहसी पर्यटनासाठी राज्याचं २०२१ चं धोरण आहे; त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. अभयारण्यात जायला वनविभागाची परवानगी वेगळी. ‘आपली ओळख आहे’ हे उत्तर आलं, तर तिथूनच परतावे.

• दोन प्रश्न तोंडावर विचारावेत. रात्री दोन वाजता मुलाला साप चावला तर गाडी कुठली आणि दवाखाना कुठला? मुली असतील तर मुक्कामाला महिला प्रशिक्षक कोण? दाजीपुरातून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय गाठायला घाटरस्त्याने किती वेळ लागतो, हे ज्याने मोजलेलं नाही, त्याच्याकडे मूल सोडू नये.

• गिर्यारोहणाची खरीच ओढ असेल, तर उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या सरकारी संस्थेचा बेसिक कोर्स बघावा. तो सुमारे चार आठवड्यांचा असतो आणि शेवटी श्रेणी मिळते, नुसती हजेरी नाही. वयाची अट आणि वैद्यकीय दाखला आधी तपासावा. तयारी म्हणून पाठीवर सॅक घेऊन पन्हाळ्याचा चढ रोज चढावा.

काय टाळावे

• ‘लीडरशिप’, ‘ग्लोबल’ असे शब्द बघून पैसे भरणे.

• उंचीची घाई. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि हिमाचलातला सार पास चार हजारांच्या वर. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये. कार्यक्रमात विरळ हवेशी जुळवून घ्यायला एकही दिवस नसेल, तर तो ट्रेक स्वस्त असला तरी सोडावा.

• उंचीवर डोकं दुखतंय हे लीडरपासून लपवणे. सगळे वर निघालेत म्हणून मुलं हे हमखास करतात. निघण्याआधी घरातच बजावून सांगावे की अर्ध्यातून उतरून आलास तरी कुणी बोलणार नाही.

• निबंध पालकांनी किंवा क्लासने लिहून देणे. ‘निसर्गाने मला नम्र केलं’ हे वाक्य वाचणाऱ्याने हजारदा वाचलेलं असतं. मचाणावर पहाटे झोप अनावर झाली आणि नेमका तेव्हाच गवा पाणी पिऊन गेला, हे मुलाने स्वतः लिहिलं तर ते त्याचंच असतं.

• न केलेलं लिहिणे. मुलाखतीत पाणवठ्यावर काय दिसलं, एवढं विचारलं तरी उघडं पडतं.

• शिबिरात असताना रोज फोनचा हट्ट. दाजीपुरात अनेक ठिकाणी रेंज मिळत नाही. आयोजकाकडून एकच नंबर आणि निरोपाची ठरलेली वेळ लिहून घ्यावी.