आवडीचे काम आणि मनाची तब्येत



आरोग्याच्या पानावर बीपी, साखर, रक्तक्षय यांवर लिहिणे सोपे असते. त्यांचा आकडा मोजता येतो, गोळी सांगता येते. या वेळी आम्ही अशा दुखण्यावर लिहितो आहोत, जे रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, पण कन्हानच्या प्रत्येक वस्तीत आहे. ते म्हणजे "आपण काहीच कामाचे नाही" असे वाटणे.

आपल्या भागात कोळशाच्या खाणी आहेत, कारखाने आहेत, पलीकडे कामठी आणि पुढे नागपूर आहे. तरीही कितीतरी घरांत ठेकेदाराचे काम संपलेला भाऊ आहे, आयटीआय करून घरी बसलेला मुलगा आहे, दिवसभर राबूनही "मी काही करत नाही, घरीच असते" असे सांगणारी बहीण आहे. आम्ही नर्स म्हणून वॉर्डात काम केले आणि आता वस्तीत करतो. अंगदुखी, झोप न येणे, छातीत धडधड, भूक मेलेली अशा तक्रारी घेऊन माणसे येतात. तपासण्या नॉर्मल निघतात. थोडे बसून बोलले की खालून निघते ते हेच: घरात किंमत राहिली नाही, चौकात जायला लाज वाटते.

काम गेले की नेमके काय जाते?

पगार जातो, हे सगळ्यांना कळते. पण आणखीही काही जाते. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारिएन्टाल नावाचे गाव आहे. सगळे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोडा आणि तिच्या सोबत्यांनी तिथे जाऊन लोकांचे जगणे पाहिले आणि १९३३ साली त्यावर पुस्तक काढले. आता लोकांकडे वेळच वेळ होता. वाचनालयाची फी माफ झाली होती. तरी पुस्तके नेणाऱ्यांची संख्या वाढली नाही, उलट घटली. पुरुष रस्त्याने हळू चालू लागले, वाटेत पुन्हा पुन्हा थांबू लागले. दिवसभरात काय केले, हे त्यांना सांगता येईना. बायकांना घरकाम होतेच, त्यांची पावले तुलनेने भरभर पडत.

म्हणजे काम दिवसाला आकार देते. उठायला कारण देते. चार माणसांत नेते आणि "हे मी केले" असे म्हणायला जागा देते. हे सगळे एकदम गेले की माणूस आळशी होतो असे लोक म्हणतात. तो आळस नसतो. मनाला लागलेली उपासमार असते.

आवड ही आपल्यासाठी चैन आहे का?

वस्तीत कोणी म्हणाले, "मला या कामात गोडी वाटत नाही," तर उत्तर ठरलेले असते: "गरिबाला कसली आवड? मिळेल ते कर." पोटासाठी मिळेल ते काम करण्यात कमीपणा नाही. पण आवडीचा प्रश्न बाबासाहेबांनी चैन मानला नव्हता. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था कामाची नुसती वाटणी करत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते. माणसाचा कल, त्याची इच्छा, त्याचे अंगचे गुण यांना तिथे काडीची किंमत नाही. जन्माबरोबर काम चिकटते. ज्या कामात ना मन लागते ना मान मिळतो, ते काम माणूस टाळू पाहतो. मग त्यालाच कामचुकार म्हटले जाते.

आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकीची कामे टाकली, मेलेली ढोरे ओढणे नाकारले, ते यासाठीच. आपले काम आपण निवडणे हा आपल्या चळवळीने लढून मिळवलेला हक्क आहे.

आपल्याच मातीतली दोन माणसे

जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली उमरेडला झाला. लहान वयात लग्न झाले. पोटासाठी त्या कामठी-नागपूर भागात हमाली करत, डोक्यावरून ओझी वाहत. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईने त्यांच्यातली शिकण्याची ओढ ओळखली. जाईबाई शिकल्या आणि महिना चार रुपये पगारावर मिशनच्या शाळेत शिकवू लागल्या. बाई अस्पृश्य आहे हे कळताच पालकांनी आरडाओरडा केला आणि नोकरी गेली. इथे त्या पुन्हा ओझी उचलायला गेल्या असत्या, तर कोणी नाव ठेवले नसते. पण शिकवण्यात आपला जीव आहे, हे आता त्यांना कळले होते. १९२२ साली त्यांनी नागपुरात आपल्या मुलींसाठी स्वतःच शाळा काढली. पुढे १९३७ मध्ये नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत त्यांना जेवायला वेगळे बसवले गेले. आपल्या स्त्रियांनी त्याविरुद्ध निषेधाची सभा घेतली. अपमान तेव्हाही झाला, पण आता तो मुकाट गिळणारे कोणी उरले नव्हते.

दुसरे बाबू हरदास. कामठीत १९०४ साली जन्म. त्यांनी रात्रशाळा चालवल्या. ठेकेदार विडी कामगारांना लुबाडत, म्हणून विडीचे काम सहकारी तत्त्वावर करून दाखवले, विडी मजुरांची संघटना बांधली. १९३७ साली निवडून येऊन विधिमंडळात गेले. 'जयभीम' हा आपला नमस्कार रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. क्षयरोगाने १९३९ च्या जानेवारीत, ऐन पस्तिशीत ते गेले. आपल्या कन्हान नदीकाठी दर जानेवारीला आपण त्यांच्याच स्मृतीला वंदन करतो. त्यांची गोष्ट आणखी एक बाजू दाखवते. विडी वळणाऱ्या सगळ्यांना दुसरे काम लगेच मिळणार नव्हते. तेव्हा तेच काम ठेकेदाराच्या हातून काढून आपल्या हाती घेतले, तरी मान ताठ झाली.

मन लागल्यावर काम, की काम केल्यावर मन?

खचलेला माणूस म्हणतो, "बरे वाटू दे, मग करीन." पण बरे वाटायची वाट पाहत बसले की हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की मन आणखी बसते. हे चक्र बाहेरून तोडावे लागते. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ४९५ रुग्णांवर याचा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत रोजच्या जगण्यात थोडी थोडी अर्थपूर्ण कामे परत आणायला मदत केली. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के लोक बरे झाले होते. ज्यांना ही मदत मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

घरी कसे सुरू करावे?

१. वहीत लिहा: कोणते काम करताना वेळ कसा गेला ते कळत नाही? शेजारी तुम्हाला कशासाठी हाक मारतात? पंखा दुरुस्तीला, पत्र लिहायला, बाळंतिणीजवळ बसायला, भीमगीतांना ढोलकीवर? त्यात तुमचे उत्तर असते.

२. रोज एकच तास ठेवा, पण वेळ ठरलेली असू द्या. मन असो नसो, त्या वेळी बसायचे.

३. जाणत्याकडे शिका. वस्तीत शिलाई, वेल्डिंग, वायरिंग, स्वयंपाक येणारी माणसे आहेत. शिकायला वय आडवे येत नाही.

४. केलेले काम दुसऱ्याला दाखवा. विहारात मुलांचा अभ्यास घ्या, शेजारणीचा ब्लाऊज शिवून द्या. दुसऱ्याच्या उपयोगी पडलेले काम पाठ सरळ करते.

५. हातातली मजुरी लगेच सोडू नका. पहिल्याच महिन्यात कर्ज काढून धंदा मांडू नका. हात बसला, गिऱ्हाईक येऊ लागले की बचत गटात बोला.

आणि आवडीच्या नावाखाली कोणी फुकट राबवून घेत असेल, तर दाम मागा. विशेषतः बहिणींनो, "तुम्हाला आवडतेच ना" म्हणून तुमच्या मेहनतीचे पैसे बुडू देऊ नका. झटपट पैशासाठी दारूचा गुत्ता किंवा सट्टापट्टी हाही मार्ग नाही. भगवान बुद्धांनी शस्त्र, माणसे, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार वर्ज्य सांगितला. शेजाऱ्याचे घर मोडून सम्यक आजीविका होत नाही.

डॉक्टरकडे केव्हा जायचे?

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर फक्त कामाने भागणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि १४४१६ या 'टेलि-मानस'च्या नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. अशा माणसाला एकटे सोडू नका. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो. म्हणून दारू सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

घरच्यांनाही एक सांगणे आहे. काम सुटलेल्या माणसाला ताटावर बसताना टोमणा मारू नका. "आज काय कमावलेस" ऐवजी "आज काय केलेस" असे विचारा. आणि त्याने सांगायला सुरुवात केली की मध्ये न बोलता ऐकून घ्या.