४.३ ख्रिस्तकथा आणि मराठी पद्यपरंपरा

धर्म बदलला म्हणजे भक्तीची भाषाही बदलते का? हा प्रश्न मनात ठेवून दोन ग्रंथ पाहू.

४.३.१ क्रिस्तपुराण

गोव्यातील नवख्रिस्ती समाजाची जुनी पुराणे सुटली आणि ती जागा रिकामी राहिली. ती भरण्यासाठी फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा ओवीत सांगितली. १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. पवित्र आत्म्यासाठी मात्र ‘स्पिरिता सांतु’ हे परके रूपच राहते. देशी शब्दाने सिद्धांत ढळेल तेथे कवीने तो टाळला असावा.

४.३.२ ख्रिस्तायन

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होतो. स्टीफन्स श्रोत्यांसाठी कथा सांगतात, टिळक त्या कथेत स्वतःचा अनुभव ओततात. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले व ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. ज्या धर्मांतराने लक्ष्मीबाईंचा संसार काही वर्षे दुभंगला, त्यानंतर त्या स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या आणि हे काव्यही त्यांनीच पुढे नेले.

सारांश : श्रद्धेचा विषय बदलला, तरी ओवी-अभंगाची लय टिकली.

आपली प्रगती तपासा

‘वैकुंठ’ व ‘स्पिरिता सांतु’ या दोन शब्दांच्या निवडीमागील भूमिका तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.