शुश्रूषा आणि स्वाधीनता

वृद्ध व पंगु जनांच्या निवासगृहाची परीक्षा आपण बहुधा स्वच्छता, औषधें व भोजन यांवरून करितों. ती अपुरी होय, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेच्या कनेक्टिकट संस्थानांतील एका शुश्रूषागृहांत लँगर व रोडिन या विदुषींनीं केलेला प्रयोग १९७६ सालीं प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांस, खोलीची मांडणी तुम्हींच ठरवा, असें सांगून एकेक रोपटें निवडून सांभाळावयास दिलें. दुसऱ्या मजल्यावरील रोपट्यांस परिचारिका पाणी घालीत. (सेवा यांचीच अधिक झाली!) तीन आठवड्यांनीं पहिले वृद्ध अधिक दक्ष व उल्हसित दिसले. आतां ज्याचे हातच चालत नाहींत, त्यानें काय करावें? पाणी दुसऱ्यानें ओतावें; केव्हां व किती, हें मात्र त्यासच विचारावें.