निळ्या पाइपाचा मोह

कुपवाडच्या एमआयडीसीत माझं आर्गॉन वेल्डिंगचं शेड आहे. रोजचं काम डेअरीच्या आणि साखर कारखान्यांच्या स्टेनलेस पाइपांचं. पण पोलो टीएसआय, नेक्सॉन, फ्रॉन्क्स अशा टर्बो पेट्रोल गाड्या इकडे वाढल्या, तशी रविवारी वेगळीच गिऱ्हाइकं यायला लागली. नंबरप्लेट एमएच १० किंवा एमएच ११, हातात खोकं, खोक्यात निळ्या-जांभळ्या छटांचा चकचकीत इन्टेक पाइप. ‘काका, टायटॅनियमचा आहे. थोडा बसत नाहीये, एवढं करून द्या.’

आधी त्या रंगाचं बघू. टायटॅनियमवर तापून असा रंग चढायला साडेतीनशे-चारशे अंश तरी लागतात. सायलेन्सरकडच्या पाइपाला ते सहज मिळतात. हवा आत घेणाऱ्या पाइपात मात्र टर्बोच्या आधी जवळपास बाहेरचीच हवा असते, आणि टर्बोनंतर, गाडी दामटली तरी, शंभर-दीडशे अंश. म्हणजे इन्टेकवरचा निळा रंग कुणीतरी टॉर्च फिरवून किंवा विजेचं अ‍ॅनोडायझिंग करून मुद्दाम आणलेला असतो. हौस म्हणून त्यात काही वावगं नाही. पण धातू ओळखायला तो रंग कामाचा नाही, कारण साध्या ३०४ स्टेनलेसवर टॉर्च फिरवली तरी तसाच निळा उमटतो. लोहचुंबकही फसवतो. तो टायटॅनियमला चिकटत नाही, तसा अ‍ॅल्युमिनियमला आणि ३०४ लाही चिकटत नाही.

खरी परीक्षा घरच्या काट्यावर होते. पाइपाचं वजन करा. मग पाण्याची बादली काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि पाइप दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिलिलिटर त्या धातूचं आकारमान. वजनाला त्यानं भागा. ४.५ च्या आसपास आलं तर टायटॅनियम, २.७ आलं तर अ‍ॅल्युमिनियम, आठच्या जवळ आलं तर स्टेनलेस. रबर, क्लिपा, सेन्सर आधी काढून ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो.

आता मुळावरच येतो. कंपनीतून आलेला इन्टेक पाइप बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचा असतो. त्याची घनता एक ते दीडच्या दरम्यान. तो काढून टायटॅनियम बसवलं तर वजन वाचणार कुठून? जाडी कमी करून जेमतेम बरोबरी होते. ‘टायटॅनियम उष्णता कमी वाहून नेतं, हवा थंड राहते,’ हे दुसरं पालुपद. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत खरं आहे, फरक दहापटीच्या आसपास आहे. पण स्टेनलेसही जवळपास टायटॅनियमइतकीच उष्णता नेतं, आणि प्लॅस्टिक या दोघांपेक्षा कितीतरी कमी. शिवाय गाडी पळत असताना हवा त्या पाइपात क्षणभरही थांबत नाही. टायटॅनियमचा खरा मान सायलेन्सरच्या बाजूला आहे, जिथं जड स्टील काढून ते बसवता येतं. इन्टेकला ते घ्यायचं तर दिसण्यासाठी आणि आवाजासाठी घेतोय असं सरळ म्हणावं. माझं काही म्हणणं नाही. टर्बोचा तो सुस्कारा मलाही आवडतो.

धातूवर इतकी चर्चा होते की आकाराकडे कुणी बघतच नाही. साताऱ्याचा एक तरुण पुण्याहून परत येताना खंबाटकी चढत होता. मध्यावर फाट्‌कन आवाज झाला आणि गाडीचा पिकअप गेला. इंटरकूलरकडून येणाऱ्या नव्या पाइपावरून सिलिकॉनचा होज निसटला होता. त्यानं क्लिप आवळली. पुढं यवतेश्वरच्या घाटात तेच. पाइप माझ्याकडे आला तेव्हा दिसलं की त्याचं तोंड सपाट कापलेलं होतं, कडेला होज अडवणारा उठाव, ज्याला आम्ही बीड म्हणतो, तो नव्हताच. एक बार दाबाला ५५ मिलिमीटरच्या पाइपावर साधारण २४ किलोचा जोर पडतो. गुळगुळीत धातूवर नुसती क्लिप तो किती धरणार? बीड करायच्या आधी मी पाइप बादलीत बुडवला. स्टेनलेस निघाला. माझं काम सोपं झालं, त्याचा चेहरा मात्र पडला.

खरं टायटॅनियम असतं तर मी त्याला हात लावायला दहादा विचार केला असता. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषतं आणि ठिसूळ होतं. म्हणून सांध्याला बाहेरून आणि पाइपाच्या आतूनही, धातू निवेपर्यंत, आर्गॉन द्यावा लागतो. विकत घेताना सांध्याच्या आत बोट घाला, मोबाइलची बत्ती मारा. रुपेरी किंवा फिक्या गवती रंगाचा सांधा चांगला. राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर पाइप परत करा. एअर फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपाला तर हे सर्वांत आधी बघा, कारण तिथून सुटलेली कपची अडवायला पुढं काहीच नसतं. लहान टर्बोचं चाक मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतं. बारीक कण पुरतो.

पुढचं सेन्सरचं. हवा मोजणारा सेन्सर ज्या गाडीत पाइपातच बसतो, तिथं आतला व्यास मूळ पाइपाइतकाच हवा. ७० मिलिमीटरच्या जागी ७३ केला तर क्षेत्रफळ पावणेनऊ टक्क्यांनी वाढतं, तीच हवा सेन्सरपुढून हळू जाते आणि तो ती कमी मोजतो. इंजिनाला पेट्रोल कमी मिळतं. कॉम्प्युटर ठरावीक मर्यादेपर्यंत सावरून घेतो, मग चेक लाइट लागतो. ज्या गाड्या फक्त दाबावरून हिशेब करतात, त्यांना हा त्रास नाही. म्हणून आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे पैसे द्यायच्या आधी विचारा. इंजिनाच्या वाफेचा होज जोडायचं नोजल नव्या पाइपाला आहे का, तेही बघा. आणि इंजिन हलतं, फिल्टरचा डबा हलत नाही. मूळ प्लॅस्टिकला मधे घड्या असतात त्या उगीच नाहीत. कडक धातूला मधे लवचीक होज नसेल तर सांधा एक दिवस तडकतोच.

उघडा शंकूसारखा फिल्टर मात्र आमच्या भागात मी कुणालाच सुचवत नाही. गळीत हंगामात पेठ नाक्यावरून सांगलीकडे येऊन बघा. उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगत जायचं, बॉनेटखालची गरम हवा आणि रस्त्याची धूळ एकदमच आत. तेल लावलेला कापडी फिल्टर असेल आणि तेल जास्त झालं, तर ते सेन्सरच्या तारेवर बसतं. मूळ बंद डबा ठेवा, हंगामात कागदी फिल्टर लवकर बदला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी आणि विमा हे वेगळे प्रश्न, ते लेखी विचारून घ्यावेत.

एवढं ऐकूनही ज्याला घ्यायचाच आहे त्याला मी सांगतो: बसवल्यावर पंक्चरवाल्याकडच्या हवेनं टर्बोनंतरच्या पाइपात अर्धा बार दाब भरा, प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा, बुडबुडे बघा. आठवड्याभरानं क्लिपा पुन्हा आवळा. आणि कंपनीचा प्लॅस्टिकचा पाइप क्लिपांसकट पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच मागतं.