वेगळी चूल मांडण्याआधी

अगं, आधी घोटभर पाणी पी. तुझा मेसेज मी तीनदा वाचला. संध्याकाळी सात ते नऊ ॲप रखडतं, ग्राहकांचे फोन येतात, साहेब म्हणतात हे जुनं सगळं मोडून त्याच्या पंचवीस मायक्रोसर्व्हिसेस करू, सोमवारी मीटिंगमध्ये तुला मत द्यायचंय आणि लीड होऊन तुला जेमतेम दोन महिने झालेत. कुणीही गांगरेल. पण खरं सांगू का, एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये एकच गोष्ट नव्हती. नक्की कुठलं पान हळू आहे आणि किती सेकंद लागतात, ते तू लिहिलंच नाहीस. कारण ते तुलाही माहीत नाही आणि साहेबांनाही नाही. भिंतीला ओल दिसली आणि निघालात सगळे घर पाडायला! नळ कुठला गळतोय ते तरी बघा आधी.

तर आधी फक्त मोजायचं. आणि मोजताना माझ्यासारखा वेडेपणा करू नकोस. मी मोठ्या हौसेने डॅशबोर्डवर सरासरी वेळ लावली होती. शंभरातली पंचाण्णव पानं 0.2 सेकंदात उघडत होती आणि पाच पानांना आठ-आठ सेकंद लागत होते. सरासरी काढली की येते 0.59 सेकंद. मी खूश, साहेब खूश, आणि ती आठ सेकंद चक्राकडे बघत बसलेली माणसं मात्र ॲप काढून टाकत होती. म्हणून सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लाव आणि पंचाण्णवाव्या, नव्याण्णवाव्या जागेवरचा आकडा बघ. पी-95, पी-99 म्हणतात ते हेच. आणि शंभरात एकच तर हळू आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला विचार, एक पान उघडायला आपण आतून किती वेळा सर्व्हरला हाक मारतो? वीस वेळा मारत असलो आणि दर शंभर हाकांतली एक रखडत असली, तर शंभरातली अठरा पानं कुठे ना कुठे अडकतात. गणित करून बघ, मी दोनदा केलंय.

दुसरं म्हणजे, सगळ्यात हळू क्वेरीच्या मागे धावू नकोस. दिवसातून दोनदा चालणारा सहा सेकंदांचा रिपोर्ट कुणाला नडत नाही. पाच मिलिसेकंदांची क्वेरी दिवसात चार लाख वेळा चालत असेल, तर डेटाबेसचे दोन हजार सेकंद तीच खाते. पोस्टग्रेसमध्ये पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स नावाचं एक्स्टेंशन आहे, ते चालू कर आणि एकूण वेळेप्रमाणे यादी लाव. वरच्या पाच ओळी वहीत लिहून घे. हो, वहीतच. हाताने लिहिलं की डोकं शांत होतं.

आता माझी पैज आहे, त्या पाचांतली एक तरी तुमच्या ऑर्डरच्या यादीची असणार. ते पान खऱ्याइतका डेटा भरलेल्या टेस्ट सर्व्हरवर उघड आणि बाजूला क्वेरीचा लॉग चालू ठेव. काय दिसेल सांगते. पहिली ओळ, दोनशे ऑर्डर आणा. मग पहिल्या ऑर्डरचा ग्राहक आणा, तिचा पत्ता आणा. दुसरीचा ग्राहक आणा, पत्ता आणा. असं करत करत 401 ओळी. वाण्याकडे जायचं, जिरं आणायचं, घरी यायचं, मग मोहरीसाठी परत जायचं, असा प्रकार. याला एन-प्लस-वन म्हणतात आणि हे मुद्दाम कुणी लिहीत नाही. आपण कोडमध्ये सरळ 'या ऑर्डरचा ग्राहक' असं लिहितो आणि ओआरएम बिचारं गुपचूप पळत राहतं. एका फेरीला चार मिलिसेकंद धर, 401 फेऱ्यांचे 1.6 सेकंद झाले. लॅपटॉपवर कुणाला कळलं नाही, कारण तिथे टेस्टच्या पाचच ऑर्डर होत्या, अकरा फेऱ्यांत काम संपलं. उपाय एका ओळीचा आहे बघ, ग्राहक आणि पत्ते आधीच एकदम मागवायचे. 401 च्या तीन क्वेरी होतात. ही दुरुस्ती तू आज दुपारच्या चहाच्या आत करशील, मला खात्री आहे.

मग इंडेक्स. पोस्टग्रेस प्रायमरी कीला आपोआप इंडेक्स देतं, फॉरेन कीला देत नाही, हे मला नोकरीच्या चौथ्या वर्षी कळलं. ऑर्डरच्या टेबलात ग्राहकाचा आयडी आहे म्हणजे त्यावर शोधणं भराभर होणार, असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दर वेळी अख्खं टेबल उपसलं जात होतं, सगळे डबे उघडून हिंग शोधावा तसं. क्वेरीच्या आधी 'एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ' लिहून चालव आणि मोठ्या टेबलावर सीक्वेन्शियल स्कॅन दिसतोय का बघ. दोन सूचना, नीट ऐक. एक, हे क्वेरी खरोखर चालवतं, तेव्हा डिलीटवर चालवून बसू नकोस. आणि दोन, प्रॉडक्शनवर इंडेक्स बनवताना 'कन्करंटली' हा शब्द विसरू नकोस. मी विसरले होते. भर दुपारी बारा वाजता. साधा इंडेक्स बनत असतो तोवर त्या टेबलात काही लिहिता येत नाही, म्हणजे इंडेक्स पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे एकही नवी ऑर्डर पडली नाही. ग्राहकसेवेची मुलगी माझ्या टेबलापाशी येऊन नुसती उभी राहिली. तिने काही विचारलं नाही, मी काही बोलले नाही. अजून आठवलं की कान गरम होतात.

आता तुला एक कोडं पडेल, की हळू तर एकच पान निघालं, मग संध्याकाळी अख्खं ॲप का बसतं? लग्नातली पंगत आठव. पाहुणे तेवढेच असतात, पण वाढपी रेंगाळले की पंगत उठत नाही आणि दारात गर्दी होते. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये याचं सरळ गणित सिद्ध करून ठेवलंय. आत बसलेली माणसं म्हणजे दर सेकंदाला येणारी गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. सेकंदाला 50 विनंत्या, प्रत्येकीला 0.2 सेकंद, म्हणजे एका वेळी 10 जण आत. तीच क्वेरी रखडून दोन सेकंदांची झाली की आत 100 जण. आणि पोस्टग्रेसमध्ये कनेक्शनची मूळ मर्यादा किती असते माहीत आहे? शंभर! म्हणजे लॉगिनसारखं साधं कामसुद्धा दारात ताटकळतं. अशा वेळी नुसते सर्व्हर वाढवले तर वाढपी तेवढेच आणि दारं मात्र चार, गर्दी उलट वाढते. त्यातून टाइमआउट झाला की आपला कोड लगेच पुन्हा प्रयत्न करतो, म्हणजे तोच पाहुणा परत रांगेत. रिट्राय मोजके ठेव आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत ने.

कॅशबद्दल तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते. कॅश म्हणजे फ्रिज. सकाळची भाजी संध्याकाळी मिळते, पण ती कुणाची आणि कधीची, हे डब्यावर लिहिलेलं पाहिजे. मी एकदा मुखपृष्ठ कॅश केलं आणि चावीत ग्राहकाचा आयडी घालायला विसरले. सगळ्यात आधी उठून ॲप उघडलं होतं एका काकूंनी. मग पुढची दहा मिनिटं जो येईल त्याचं स्वागत त्या काकूंच्या नावाने! सुदैवाने फक्त नावच होतं, पत्ता नव्हता. तेव्हापासून माझा नियम असा की आधी क्वेरी नीट करायची, तरीही गरज उरली तर कॅश. आणि ती आधी सगळ्यांना सारख्या दिसणाऱ्या गोष्टींना, जसं शहरांची यादी, प्रकारांची यादी. हळू क्वेरीवर कॅशचं पांघरूण घातलंस, तर कॅश रिकामी होईल त्या दिवशी ती दुप्पट जोराने उठते.

आणि सर्व्हर सुधारला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. एखादा दोन-तीन वर्षं जुना, मध्यम किमतीचा फोन घे आणि घरचं वायफाय बंद करून त्यावर ॲप उघड. गूगलच्या मोजपट्टीप्रमाणे पानावरचा सगळ्यात मोठा भाग 2.5 सेकंदांत दिसायला हवा, बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत पानाने दाद द्यायला हवी. हे दुसरं माप, आयएनपी, मार्च 2024 पासून जुन्या मापाच्या जागी आलंय. दर चार भेटींपैकी तीन तरी यात बसल्या पाहिजेत. बहुतेक वेळा गुन्हेगार निघतो तो चार हजार पिक्सेल रुंदीचा फोटो, जो आपण चारशेच्या चौकटीत कोंबलेला असतो. तो आकाराने लहान कर, वेबपीमध्ये दे. लेझी लोडिंग खालच्या फोटोंना लाव, पहिल्याच मोठ्या फोटोला लावू नकोस, नाहीतर तोच उशिरा येतो.

आता साहेबांच्या वेगळ्या चुलीचं. बघ, मी मायक्रोसर्व्हिसेसच्या विरोधात नाही. नेटफ्लिक्सचा डेटाबेस 2008 मध्ये बिघडला, तीन दिवस डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत, तेव्हा त्यांनी क्लाउडवर जायचं ठरवलं आणि जाता जाता सगळं सुटंसुटं केलं. पण ते काम जानेवारी 2016 मध्ये संपलं, म्हणजे सात वर्षं लागली, आणि त्यांच्याकडे तेवढी माणसं होती. उलट 2023 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओतल्या एका टीमने चित्र-आवाजाची गुणवत्ता तपासणारी आपली सुटी सुटी यंत्रणा एकत्र आणली आणि तिचा खर्च 90 टक्क्यांहून जास्त कमी झाला. ती एका यंत्रणेची गोष्ट आहे, सगळ्या प्राइम व्हिडिओची नाही, मीटिंगमध्ये तेवढं जपून सांग. शॉपिफायने तर आपला मोठा रेल्सचा वाडा तसाच ठेवून आत भिंती घातल्या, कोणी कुणाच्या खोलीत हात घालायचा नाही असे नियम केले. याला मॉड्युलर मोनोलिथ म्हणतात आणि तुमच्यासाठी मला तेच बरं वाटतं.

का ते सांगते. तुम्ही सात जण. सात माणसांच्या घरात पंचवीस चुली, रोज राख कोण काढणार? मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय की माणसं एकमेकांशी जशी बोलतात तसाच आकार त्यांच्या सॉफ्टवेअरला येतो. चूल वेगळी करायची ती माणसं एकमेकांच्या पायात येऊ लागल्यावर. एकाच्या रिलीजसाठी चार टीम खोळंबतात, किंवा फोटो लहान-मोठे करण्यासारखं एखादं जड काम बाकीच्यांचा श्वास कोंडतं, तेव्हा. तेवढं एक काम खुशाल बाहेर काढ. पण वेगासाठी वेगळं व्हायचं म्हणशील, तर तुझी हळू क्वेरी सामानाबरोबर नव्या घरी जाते. उलट आधी जे एका जॉइनमध्ये मिळत होतं त्यासाठी आता नेटवर्कवरून हाका माराव्या लागतात, म्हणजे 401 फेऱ्या पुन्हा सुरू, त्याही जास्त लांबच्या. शिवाय प्रत्येक सर्व्हिस 99.9 टक्के वेळ चालू असली, तर एकटी महिन्यात 43 मिनिटं बंद राहते. अशा पाच एकीमागे एक लावल्या की बंदचा वेळ साडेतीन तासांवर जातो. रात्री दोनला फोन कुणाला येणार? लीड कोण आहे गं?

सोमवारी साहेबांना 'नाही' म्हणू नकोस. नव्या लीडचं 'नाही' कुणी ऐकत नाही, मी ओरडून बघितलंय. एक कागद ने. त्यावर तीन पानांची नावं, त्यांचा आजचा पी-95, आणि एन-प्लस-वन काढल्यावर टेस्ट सर्व्हरवर आलेला नवा आकडा. टेस्टमध्ये खऱ्याइतकाच डेटा भर, पाच ऑर्डर ठेवून फसू नकोस. मग म्हण, आम्हाला तीन आठवडे द्या, दर आठवड्याला एकच मोठी दुरुस्ती करू आणि आकडा दाखवू. एकदम दोन गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. तीन आठवड्यांनीही संध्याकाळ रखडलीच, तर कुठली चूल वेगळी करायची तेही तोवर तुझ्या आकड्यांतूनच दिसेल. साहेबांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं गं, त्यांच्या हातात आकडा दिलास की ते तुझ्याच बाजूने बोलतील.

आणि आज रात्री वेळेवर झोप. अर्धवट झोपेत प्रॉडक्शनला हात लावायचा नाही, ही माझी आज्ञा समज. मीटिंग झाली की मला लगेच कळव. पण या वेळी मेसेजच्या पहिल्या ओळीत पानाचं नाव आणि सेकंदांचा आकडा पाहिजे हं. नुसतं 'ताई, ॲप हळू आहे' असं आलं, तर मी उत्तर देणार नाही.