३.४ पाणथळीचे आरोग्य : नांदूर मध्यमेश्वरचे उदाहरण

पाणथळ जागा म्हणजे काय, हे आपण मागील भागात पाहिले. तिचे आरोग्य कसे ओळखावे व राखावे, हे आता नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या आधारे पाहू. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश राजवटीत सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. पक्ष्यांचा विचार त्यामागे नव्हता. बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले.

आरोग्य म्हटले की आपण प्रथम पक्ष्यांची संख्या विचारतो. दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेतून ती मिळतेही. परंतु केवळ संख्या फसवी असते. अवर्षणात आसपासचे तलाव आटले, तर उरलेल्या एकाच जलाशयावर पक्ष्यांची दाटी होते. त्यावरून तो निरोगी ठरत नाही. म्हणून कोणते पक्षी, कोठे आणि काय करीत आहेत, ही नोंद अधिक बोलकी असते. तुतवार काठच्या ओल्या चिखलात भक्ष्य टिपतो. थापट्या बदक आपल्या रुंद चोचीने उथळ पाणी गाळून खाते. लालसरीला बुडी मारण्याजोगी खोली लागते. तिन्ही पक्षी आढळले, तर निरनिराळ्या खोलीचे पाणी शाबूत आहे असे समजावे. तुतवार दिसेनासा झाला, तर पाणी काठोकाठ चढून चिखल झाकला गेला आहे का, हे पाहावे. लालसरी गेली, तर तळ गाळाने वर आला आहे का, हे मोजावे.

येथेच व्यवस्थापनाचा अवघड प्रश्न उभा राहतो. अभयारण्य वनविभागाकडे आहे, पाणी मात्र सिंचनाचे आहे. कालव्याच्या आवर्तनाप्रमाणे पातळी वरखाली होते. कमळपक्षी पावसाळ्यात तरंगत्या पानांवर अंडी घालतो. पातळी एकाएकी चढली तर अंडी बुडण्याचा धोका असतो, उतरली तर कुत्री घरट्यापर्यंत पोहोचू शकतात. शेतकऱ्याने पाण्यावरील हक्क सोडावा, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. पातळीतील बदल शक्य तितका सावकाश व्हावा, एवढी मागणी मात्र रास्त ठरेल.

गाळाचेही असेच आहे. ज्याने ही पाणथळ घडवली, तोच तिला हळूहळू कोरड्या जमिनीत बदलतो. पण सरसकट उपसा केल्यास उथळ काठच नाहीसे होतील. उपसा निवडक जागीच करावा लागतो. शेतातील खते व सांडपाणी यांवर पोसणारी जलपर्णी काढून काठावरच टाकली, तर ती कुजून तिच्यातील पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात उतरतात. ती दूर वाहून नेण्याचा खर्च आधीच धरलेला बरा.

क्षेत्रकार्य : आपल्या गावाजवळील तलावावर पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा सूर्योदयाच्या सुमारास जा. काठावरील एका ठरावीक खुणेपासून पाण्याची पातळी मोजा. प्रत्येक पक्षी चिखलात, उथळ पाण्यात की खोल पाण्यात दिसला, हे तीन रकान्यांत लिहा आणि पातळीतील बदलाशी ताडून पाहा.