‘प्यासा’तील क्रूस
गुरुदत्तच्या ‘प्यासा’त (१९५७) विजय स्वतःच्याच स्मृतिसभेला येतो. तो दारात उभा, पाठीमागे प्रकाश, दोन्ही हात पसरलेले. हा क्रूस आहे, हे मला कुणी सांगावे लागले नाही. पैशासाठी ओळख नाकारणारे भाऊ आणि मित्र पाहून यहूदाची तीस नाणी आठवतात. पेत्राचा नकार निदान भीतीपोटी होता. (गुलाबोला मग्दालीया मरीया ठरविण्याचा मोह मात्र आवरावा. मरीया वेश्या होती, असे शुभवर्तमानांत कोठेच नाही!)

‘प्यासा’ला मी ख्रिस्तकथा म्हणत असे. आता म्हणवत नाही. पुनरुत्थित येशू थोमाला जखमा दाखवून ओळख पटवितो. विजय भर सभेत सांगतो, तो विजय मी नव्हेच. आणि पुढे गुलाबोला सोबत घेऊन निघून जातो.